देहावरचा बोजा

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनज या गावी, किंवा वऱ्हाडच्या काळ्या मातीत कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या भावावर जगणाऱ्या तशाच कोणत्याही गावी, पन्नाशीच्या आसपास आलेल्या कास्तकाराला 'शुगर निघाली' असे सांगण्यात आले, की दवाखान्याच्या पायरीवरच तो आपल्या दुखण्याचा निकाल लावून मोकळा होतो. "माह्या बापाले होती, मले बी झाली," असे तरी तो म्हणतो, नाहीतर "लय गोड खाल्लं, आता भोगा लागते," असे तरी म्हणतो. आणि विशेष हे, की सकाळी पहिले वाक्य बोललेला मनुष्य संध्याकाळी पारावर दुसरे बोलतो, व या दोहोंत काही विसंगती आहे असे त्याला वाटत नाही, ऐकणाऱ्यांनाही वाटत नाही. पहिल्या वाक्यात दोष बीजाचा आहे, दुसऱ्यात आचरणाचा. पहिले वाक्य मनावरचा भार उतरवते, पण त्याबरोबर हातपायही गाळून टाकते. दुसरे हातपाय हलवायला लावते, पण रोग्याला आरोपीच्या पिंजऱ्यात नेऊन उभे करते. माझ्या देहाचे जे बरेवाईट झाले त्याचा कर्ता कोण, आणि तो कर्ता मी नसलो तर निवारणाचे कर्तव्य माझ्याकडे कोणत्या न्यायाने येते, हा प्रश्न वैद्यकाने आज नव्या परिभाषेत मांडला असला तरी मूळचा तो धर्मशास्त्राच्या दफ्तरातला आहे, आणि तिथे तो अजून निकाली निघालेला नाही.

धनज ज्या कारंज्याच्या तालुक्यात मोडते ते कारंजे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तसंप्रदायात पूज्य मानले जाते, आणि त्यांचे चरित्र सांगणारे गुरुचरित्र या मुलखात घरोघर पारायणात वाचले जाते. त्याच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात कर्मविपाकाचे विस्तृत निरूपण आहे: कोणत्या पापाचे फळ म्हणून कोणती योनी आणि कोणती व्याधी पदरी पडते, याची जणू दरपत्रकासारखी यादीच तिथे वाचावयास मिळते. त्याच ग्रंथात पोटशुळाने गांजून नदीत जीव द्यावयास निघालेल्या ब्राह्मणाची कथाही आहे, आणि तिथे गुरू त्या ब्राह्मणाला आधी पोटभर जेवू घालण्याची आज्ञा करतात. अन्नच त्याचे औषध ठरते. एकाच पोथीच्या बासनात बांधलेल्या या दोन वृत्तींपैकी लोकांच्या मनाने पहिली अधिक घट्ट धरून ठेवली, हे मला आपल्या धार्मिक जीवनातले एक दुर्दैव वाटते.

वास्तविक आमच्या वैद्यकाने हा प्रश्न फार लवकर आणि फार समंजसपणे हाताळला होता. चरकसंहितेच्या विमानस्थानात, जनपदेच्या जनपदे ज्या रोगांनी उद्ध्वस्त होतात त्यांचे विवेचन चालू असता, अग्निवेश आपल्या गुरूला आयुष्य हे ठरलेले असते की नाही असे विचारतो, आणि आत्रेय त्याला होय किंवा नाही असे उत्तर देत नाही. पूर्वदेहात केलेले कर्म ते दैव, या देहात केले जाणारे ते पुरुषकार, आणि आयुष्याचे मान या दोहोंच्या बलाबलावर ठरते, असे तो सांगतो. दुर्बळ दैवाला प्रबळ पुरुषकार मागे सारतो, आणि प्रबळ दैवापुढे पुरुषकार थिटा पडतो. गाडीच्या आखाचे उदाहरणही तो देतो: चांगल्या लाकडाचा आख नीट वापरला तर आपल्या मुदतीने झिजून जातो, पण अतिभार लादला, रस्ता विषम असला, हाकणारा बेफाम असला, तर तोच आख अर्ध्या वाटेत मोडतो. या उत्तराची थोरवी माझ्या मते अशी, की लाकूड चांगले की वाईट हे आत्रेय नाकारीत नाही आणि हाकणाऱ्याला सोडूनही देत नाही. शिवाय रस्ता नावाची तिसरी गोष्ट तो ओझरती का होईना सांगून जातो.

प्रमेहाच्या प्रकरणात तर हे द्वैत रोगनिदानातच उतरले आहे. मधुमेही पित्याच्या पोटी मधुमेही म्हणून जन्मलेल्याचा रोग बीजदोषामुळे असाध्य होतो, असे चरक म्हणतो. आणि सुश्रुत प्रमेहाचे सरळ दोन वर्ग पाडतो, एक सहज आणि दुसरा अपथ्यातून उद्भवलेला, व पहिला रोगी बहुधा कृश असतो आणि दुसरा बहुधा स्थूल, खादाड व शय्यासनप्रिय असतो, असे लक्षणही नोंदवतो. विसाव्या शतकातील वैद्यकाला मधुमेहाचे प्रकार पाडताना पुन्हा याच वाटेने यावे लागले. (सगळे आमच्या ग्रंथांत आधीच होते, असा दावा करणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचे नाही, इन्शुलिन आमच्या ग्रंथांत नव्हते, आणि त्यावाचून मेलेल्या मुलांची गणती कोणत्याही संहितेने ठेवलेली नाही.)

या वादाचा खरा मराठी इतिहास मात्र संहितांहून अलीकडचा आहे, आणि तो दोन मधुमेही पुरुषांच्या ग्रंथांत लिहिलेला आहे. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यास बाजूला सारून व्यायामात घालवले आणि अशक्त प्रकृती कमावून बळकट केली, ही हकीकत शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. त्या कमावलेल्या देहातही पुढे मधुमेह शिरला, आणि 1908 सालच्या शिक्षेनंतर मंडालेच्या तुरुंगात तो त्यांच्या सोबतीला होता. तिथेच 1910-11 च्या हिवाळ्यात त्यांनी गीतारहस्य लिहिले. त्याचे दहावे प्रकरण 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' या नावाचे आहे. ज्या कर्माचे फळ भोगावयास आरंभ झाला ते सुटलेल्या बाणाप्रमाणे आपल्या वेगाने जाणारच, पण ज्याचा भोग अद्याप सुरू झालेला नाही त्याला ज्ञानाने आवर घालता येतो, आणि इंद्रियांच्या ओढीविरुद्ध उभे राहण्याची प्रेरणा आत्म्याला स्वभावतःच असते, असा त्या प्रकरणाचा आशय. तुरुंगाच्या कोठडीत पथ्य सांभाळून जगणाऱ्या मनुष्याने प्रारब्ध आणि स्वातंत्र्य यांची हद्द आखावी, यात नुसता योगायोग नाही. पथ्य म्हणजे त्या हद्दीवर रोज दोन वेळा चालणे होय.

दुसरे पुरुष डॉ. आंबेडकर. 1948 पासून तर मधुमेहाने त्यांचा देह उघड उघड पोखरला, आणि त्याच पोखरलेल्या देहाने त्यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ पुरा केला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दीक्षा घेतली, 6 डिसेंबरला देह ठेवला, आणि ग्रंथ त्यांच्या पश्चात 1957 साली निघाला. त्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत ते आनुवंशिकतेच्या शास्त्रासमोर तपासणीसाठी उभा करतात. शास्त्र सांगते की मूल आपले गुणधर्म आईबापांकडून घेते; रूढ कर्मसिद्धांत मात्र सांगतो की आईबापांकडून केवळ शरीर मिळते, बाकी सारे मुलाने स्वतःच मागल्या जन्मातून स्वतःसाठी आणलेले असते. या दोहोंचा मेळ बसत नाही, आणि जो सिद्धांत दरिद्री मनुष्याच्या दारिद्र्याचे व रोग्याच्या रोगाचे खापर त्याच्याच माथी फोडून समाजाला नामानिराळा ठेवतो त्याचा हेतूच शंकास्पद आहे, असा त्यांचा रोख. बुद्धानेही सीवक नावाच्या परिव्राजकाला हेच सांगितल्याचे पाली निकायात आहे: पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुपालट, विषम परिचर्या, आघात, अशी दुःखाची सात कारणे मोजून झाल्यावर कर्म आठवे येते, आणि म्हणून सारे भोग पूर्वकर्माचेच, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे डोळ्यांपुढच्या अनुभवाला सोडून आहे.

माझा कौल या वादात बव्हंशी आंबेडकरांकडे पडतो. 2009 साली हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्राच्या संशोधकांनी हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात पंचवीस अक्षरांची गळती असल्याचे आणि ती भारतीय उपखंडातील शेकडा चार माणसांत आढळत असल्याचे प्रसिद्ध केले. ती ज्यांच्यात आहे त्यांचे हृदय उतारवयात थकण्याचा संभव कितीतरी पटींनी वाढतो. शंभरांतल्या चार जणांनी, जात-धर्म-प्रांत सोडून, नेमके एकच पाप केले असावे असे मानण्याइतकी श्रद्धा माझ्याजवळ नाही. पण टिळकांच्या बाजूनेही पुरावा आहे, आणि तोही सबळ आहे. 2016 साली पंचावन्न हजारांहून अधिक माणसांच्या माहितीवरून अमेरिकन संशोधकांनी दाखवले, की ज्यांच्या जनुकांत हृदयविकाराचा धोका सर्वांत जास्त लिहिलेला आहे त्यांच्यापैकी धूम्रपान न करणाऱ्या, अंगाने आटोपशीर, चालत्याफिरत्या आणि नीट जेवणाऱ्या लोकांत रोगाचे प्रमाण, तशाच जनुकांच्या पण बेबंद राहणीच्या लोकांपेक्षा जवळजवळ निम्मे होते. बीज बलवान आहेच. पण ते एकटे निकाल देत नाही.

इथवर आत्रेयाचे उत्तर नव्या आकड्यांनी पुन्हा सिद्ध झाले, एवढेच म्हणता येईल, आणि तेवढ्यासाठी लेखणी हाती धरण्याचे कारण नव्हते. खरी अडचण पुढे आहे, आणि ती पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सापडली. तिथे 1993 पासून के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गर्भार बायकांचा आहार, त्यांचे कष्ट, रक्तातली द्रव्ये आणि पुढे त्यांच्या मुलांची वाढ यांची नोंद पिढी पालटेपर्यंत ठेवीत आले. जन्मलेली मुले सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, म्हणजे इंग्लंडातल्या मुलांपेक्षा पाऊण किलोहून जास्त हलकी. पण मोजमाप केल्यावर दिसले, की ती हाडामांसाने बारीक असली तरी चरबीने तितकी बारीक नव्हती. दिसायला कृश, आतून मेदयुक्त, असे हे अर्भक पुढे मोठे होऊन दोन घास जास्त खाऊ लागले की साखरेच्या रोगाला लवकर बळी पडते. खुद्द डॉ. याज्ञिकांनी 2004 साली आपले व आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले: उंचीच्या हिशेबाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, पण इंग्रजाच्या अंगात चरबी शेकडा नऊ आणि याज्ञिकांच्या अंगात शेकडा एकवीस.

हे अर्भक असे का जन्मते, या प्रश्नाचे उत्तर केवळ जनुकात सापडले नाही. ज्या बायका पालेभाज्या, फळे आणि दूध बऱ्यापैकी खात होत्या त्यांची मुले वजनाने भरत; ज्या पोटुशीपणी विहिरीचे पाणी वाहत, धुणी धूत, शेतात राबत, त्यांची मुले लहान भरत; आणि ज्यांच्या रक्तात ब-बारा हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती दिसे. म्हणजे आईचे आचरण, किंवा अधिक खरे बोलायचे तर आईच्या आचरणावर लादलेली परिस्थिती, हेच मुलाचे दैव झाले. त्याहून पुढची गोष्ट अशी, की ज्या बीजापासून मी झालो ते स्त्रीबीज माझी आई आजीच्या पोटात असतानाच तिच्या देहात तयार झाले होते. आजीने त्या महिन्यांत काय खाल्ले आणि किती घागरी वाहिल्या याच्याशी माझा संबंध केवळ भावनेचा राहत नाही. दैव आणि पुरुषकार यांच्यामधली रेषा जन्माच्या क्षणी आखण्याची आपली सवय इथे मोडते. एका पिढीचा पुरुषकार तीच दुसऱ्या पिढीची प्रारब्धसंपत्ती. कर्म आहे, त्याचे फळही आहे, पण करणारा आणि भोगणारा एक नाही. चरकाला हे मान्य झाले नसते, टिळकांना अडचणीचे वाटले असते, आणि आंबेडकरांनी यातला समाजाचा वाटा नेमका हेरला असता.

मग रोग्याने करावे काय? वऱ्हाडात ज्याने बापाच्या पश्चात सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावून घेतले आहे त्याला याचे उत्तर ठाऊक आहे. फेरफार मंजूर होतो, जमीन नावावर येते, आणि तिच्याबरोबर 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजाही येतो. कर्ज त्याने काढलेले नसते, पैसा त्याने खर्चिलेला नसतो. तरीही मिळकत वाहायची तर बोजासकट वाहावी लागते, आणि त्यासाठी कोणी त्याला लुच्चा म्हणत नाही. आमच्या मिताक्षरा कायद्याने तर पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धार्मिक कर्तव्यच मानले होते, मात्र त्यातून जुगाराचे आणि दारूचे ऋण वगळले होते. 2005 च्या दुरुस्तीने हे धार्मिक कर्तव्य कायद्याच्या दृष्टीने पुढील कर्जांपुरते संपले. सावकाराच्या दाव्यातून पुत्र सुटला, देहाच्या वारशातून सुटला नाही. आणि देहाच्या वारशात बापाच्या तंबाखूलाही वगळलेले नाही. दोष नसताना देणे असू शकते, हे शेतकऱ्याला जमिनीच्या बाबतीत सहज पटते. देहाच्या बाबतीत तेच पटावयास कठीण जाते, याचे कारण कर्मविपाकाने आपल्याला दोष आणि देणे ही जोडीने वाहण्याची सवय लावली आहे. आणि पोथी मिटून ठेवलेल्या सुशिक्षितांतही ही सवय 'लाइफस्टाइल डिसीज' या नव्या नावाने चालू आहे. पूर्वी रोग्याला मागल्या जन्मीचे पाप विचारीत. आता मागल्या आठवड्यातले समोसे विचारतात.

सरकारदरबारी या प्रश्नाचा हिशेब कसा मांडला आहे हे पाहायचे असेल तर आशाताईच्या पिशवीतला कागद पाहावा. तीस वर्षांपुढील प्रत्येकासाठी भरावयाच्या त्या तक्त्यात गुणांचे सहा प्रश्न आहेत. वय किती, तंबाखू, खर्रा, विडी किती, दारू रोज का, कंबर किती, ती पुरुषाची नव्वद सेंटीमीटरपर्यंत आणि बाईची ऐंशीपर्यंत असली तर शून्य गुण, आठवड्यात दीडशे मिनिटे अंगमेहनत होते का, आणि आईबाप, भाऊबहीण यांपैकी कोणाला रक्तदाब, साखर किंवा हृदयाचे दुखणे आहे का. या शेवटच्या प्रश्नाला होकार आला की दोन गुण, रोजच्या तंबाखूलाही दोनच, आणि बेरीज चाराच्या वर गेली की आधी तपासणीला या. काल, दैव आणि पुरुषकार यांची एवढी सुटसुटीत जमाबंदी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आत्रेयाचा संवाद संस्कृतातून उतरून धनजच्या एखाद्या ओसरीवर मोजपट्टीसह येऊन बसावा, तसा हा प्रकार आहे, आणि त्याचा उपहास करण्याचा माझा हेतू नाही. अशा तक्त्याने वेळीच गाठलेला रक्तदाब हा अनेक प्रवचनांहून अधिक पुण्याचा आहे.

तरीही त्या ओसरीवर अंगमेहनतीचा प्रश्न कसा विचारला जातो तेवढे पाहण्यासारखे आहे. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत विळा घेऊन पहाटे निघालेल्या बाईची दीडशे मिनिटे सोमवारच्या दुपारच्या आत संपलेली असतात. तिला त्या रकान्यात शून्य, म्हणजे उत्तम, गुण मिळतो. पण तिला सहावा महिना चालू असेल, तर पुण्याच्या त्या खेड्यांचा अनुभव सांगतो की तिच्या खात्यावर जमा पडणारी तीच मेहनत तिच्या पोटातल्या जिवाच्या खात्यावर नावे पडते. तक्ता तिला विचारतो की तू हलतेस का. तू थांबू शकतेस का, हे विचारावयास त्यात जागा नाही. आहाराचेही तसेच. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ताकातल्या कण्या, हे वऱ्हाडचे जुने जेवण आरोग्याला हितकर होते असे आता शहरातले लोक सांगतात आणि ते खरेही आहे. पण ज्या शेतात ज्वारी होती तिथे सोयाबीन आले ते भाकरीचा कंटाळा आला म्हणून नव्हे, नगद पैसा लागतो म्हणून. ते सोयाबीन तेलाच्या कारखान्याला जाते आणि पाकिटातले तेल होऊन किराण्याच्या दुकानात परत येते, आणि रेशनवर मिळते ते मुख्यतः गहू-तांदूळ. याला त्या माणसाची 'जीवनशैली' म्हणणे म्हणजे विषम रस्त्याचा दोष आखावर टाकणे होय. खऱ्र्याची गोष्ट मात्र मी या सबबीत बसवणार नाही. प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, चुना आणि तंबाखू घोटणारा हात स्वतःचाच असतो, आणि तिथे टिळकांचे दहावे प्रकरण अक्षरशः लागू पडते.

या बाबतीत सुश्रुताचा विवेक आजच्या तक्त्याहून बारीक होता. प्रमेहाच्या चिकित्सेत तो धनहीनाला छत्री-वहाणांवाचून, भिक्षान्नावर, एका गावी एकच रात्र राहत शंभर योजने चालावयास सांगतो. धनिकाला साव्या-देवभातावर ठेवून गाईंच्या मागे हिंडवतो. इतरांना नांगर धरावयास किंवा विहीर खणावयास लावतो. पण हे सारे सांगून झाल्यावर, कृश रोग्याचे मात्र सतत रक्षण करावे, असा एक छोटा आदेश तो शेवटी जोडतो, आणि माझ्या मते त्या सबंध प्रकरणाचे मर्म त्यातच आहे: ज्याचा रोग सहज आहे, ज्याच्या अंगावर आधीच मांस नाही, त्याच्याकडे पुरुषकार मागण्याआधी त्याला अन्न आणि विसावा द्यावा लागतो, आणि तो त्याने स्वतः मिळवावयाचा नसून इतरांनी पुरवावयाचा असतो. पुण्याच्या बारीक अर्भकांची वाढ पाहता, वऱ्हाडातल्या किती सुकल्या देहांना हा आदेश लागू असेल याचा विचार आरोग्यखात्याने अवश्य करावा.

निदान तक्त्यात सातवा प्रश्न घालावयास काही हरकत नसावी: जन्मलात तेव्हा वजन किती भरले होते? आज जन्मणाऱ्या मुलाचे वजन माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिले जाते, तेव्हा तीस वर्षांनी या प्रश्नाला उत्तर असेल. आजच्या पन्नाशीतल्या कास्तकाराचे बाळंतपण घरी दाईच्या हातून झालेले, त्यामुळे त्याच्या नावापुढे तो रकाना बहुधा कोराच राहील. कोऱ्या रकान्याला गुण देण्याची सोय सध्याच्या बेरजेत नाही. ती करावी, आणि संशयाचा फायदा रोग्याला देऊन करावी. म्हणजे 'नोंद नाही' असे उत्तर आले तर दैवाच्या खात्यात आणखी एक गुण धरून त्याला लवकर तपासणीला बोलवावे, आणि तिथे पोचल्यावर त्याने काय खाल्ले होते हे विचारण्याआधी आज सकाळपासून काही खाल्ले आहे का, ते विचारावे.